अर्थात मास्तर

मास्तरांना कुठलीही गोष्ट नुसती ती गोष्ट आहे असं कधी वाटलंच नाही. आमच्या चर्चच्या घंटेला तडा गेला आणि ती फुटक्या परातीसारखी वाजू लागली, तेव्हा कमिटीतली माणसं नवी घंटा कुठून आणायची याचा विचार करत होती. मास्तर मागच्या बाकावरून उठले, म्हणाले, “अर्थात, तडा घंटेला गेलेला नाही,” आणि खाली बसले. मग बराच वेळ सगळे एकमेकांकडे संशयाने बघत राहिले आणि घंटेचा विषय तसाच राहून गेला. आजही दौंडला ती घंटा तशीच वाजते.

त्यांचं प्रत्येक स्पष्टीकरण ‘अर्थात’पासून सुरू व्हायचं, म्हणून आम्ही संडे स्कूलची मुलं त्यांना ‘अर्थात मास्तर’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं. ते दौंडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. आसपासच्या गावांतल्या किती मुलांना त्यांनी उपमा आणि रूपक यांतला फरक समजावला असेल कोण जाणे. रविवारी आम्हाला, आणि गुरुवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना ते पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवत. “शाळेत पोरांना अलंकार शिकवतो आन् हितं आम्हाला बी तेच शिकवतो,” असं शमुवेलअण्णा चिडून म्हणायचे.

शमुवेलअण्णा रेल्वेत गार्ड होते. त्यांचा शब्दन् शब्दावर विश्वास. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात डोक्यांचा पशू आहे म्हणजे तो आहे, आणि त्याला डोकी सातच आहेत. तारण होणाऱ्या माणसांचा आकडा एक लाख चव्वेचाळीस हजार सांगितला आहे, तर त्यावर एक माणूस जास्त नाही. “आण्णा, मग आपल्या दौंडच्या मंडळीतले किती धरलेत तुम्ही?” असं मास्तरांनी विचारलं की अण्णा गप्प व्हायचे, कारण समोर सगळी मंडळीच बसलेली असायची. आधार कार्ड निघालं तेव्हा अण्णांनी भर वर्गात जाहीर केलं, की शेवटच्या काळात प्रत्येक माणसावर मारली जाणारी पशूची खूण ती हीच. मास्तरांनी शांतपणे विचारलं, “तुमचं कुठं आहे?” अण्णा म्हणाले, “खिशात. पेन्शनला लागतं.” सगळे हसले, अण्णाही हसले. तेवढ्यात मालगाडी आली. चर्च रुळांना लागूनच आहे; गाडी जाईपर्यंत वर्ग थांबायचा. गाडी गेली की दोघे पुन्हा भांडायला लागायचे.

एकदा मास्तर आम्हा मुलांना नगरकडे जाणाऱ्या पुलाजवळ भीमेच्या काठी घेऊन गेले. पाण्यावर जलपर्णी पसरलेली, कडेला पांढरा फेस, आणि वास असा की आम्ही नाकाला रुमाल लावलेले. तिथे उभं करून त्यांनी मला प्रकटीकरणाच्या शेवटल्या अध्यायातला नदीचा भाग वाचायला लावला, काचेसारख्या स्वच्छ नदीचा. मी रुमालाआडून वाचलं. “आता सांगा, ती नदी कुठं आहे?” आम्ही वर आकाशाकडे बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, “अर्थात, वर कुठलीही नदी नाही. माणसाचं मन निवळलं की ती नदी. हे ज्याला कळलं त्याला मेल्यावर काही शोधावं लागत नाही.” त्या वयात मला ते फार मोठं वाटलं होतं.

मास्तरांच्या घरी येऊन आम्ही हे काकूंना सांगितलं. मार्थाकाकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी, वडगाव रासाईच्या. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “नदी न्हाई कशी? हाय नदी. मी ल्हान व्हते तवा आमच्या गावची भीमा तशीच व्हती. तळाचं खडं दिसायचं. तीच असंल तिथं.” मास्तर हसले आणि म्हणाले, “अगं, रूपक आहे ते.” त्यावर काकू म्हणाल्या, “तुमचं समदं रूपकच. मंग मी काय रूपक हाय व्हय? भाकऱ्या तर खऱ्या खाता.”

आमचं घर त्यांच्या घरापासून दोन दारं सोडून. त्यामुळे हे भांडण मी आयुष्यभर ऐकलं. त्यात कधी कडवटपणा नव्हता. फक्त एका ठिकाणी आलं की दोघेही थांबायचे. ते ठिकाण म्हणजे करुणा.

करुणा त्यांची एकुलती एक मुलगी. तिसरीत असताना मेंदूज्वराने गेली. मी तिच्याहून थोडी लहान, मला ती पुसटशी आठवते. काकू सांगायच्या की झोपेतून उठली की ती पहिल्यांदा आई कुठे आहे ते बघायची, आणि दिसली नाही तर सगळी आळी गोळा होईल एवढं रडायची. कबरस्थानात भिंतीलगत तिची छोटी कबर आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती जागा. ती जागा काकूंनी मंडळीकडून स्वतःसाठी मागून घेतली होती. दर रविवारी उपासनेनंतर त्या तिथे जायच्या, गवत उपटायच्या, आणि शेजारची जागाही झाडून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, “काकू, ही कशाला झाडता?” त्या म्हणाल्या, “शेवटचा कर्णा वाजंल तवा समदी उठत्याल ना गं. ती उठंल आन् शेजारी आई नसंल तर केवढी भेदरंल! एवढ्या माणसांत कुठं हुडकंल मला?”

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. प्रेतं कबरीतून उठतात हे ते शब्दशः घेत नसत. वर्गात त्यांनी कितीतरी वेळा सांगितलं होतं, की देह म्हणजे काढून ठेवलेला सदरा, सदऱ्याला कोणी हाक मारत नाही. पण त्या दिवशी खाली वाकून त्यांनी काकूंनी उपटलेलं गवत गोळा केलं आणि भिंतीपलीकडे टाकलं.

मग कोरोनाची ती दुसरी लाट आली. दोघांनाही एकदमच ताप आला आणि दोघांनाही एका वसतिगृहात उभारलेल्या सेंटरमध्ये नेलं. मास्तर सावरले. काकूंचा ऑक्सिजन खाली येत गेला. त्यांना पुण्याला हलवायचं ठरलं तेव्हा अँब्युलन्सजवळ जाऊ देत नव्हते, म्हणून मास्तर व्हरांड्याच्या गजांमागे उभे होते. काकूंनी स्ट्रेचरवरून मान वळवली, तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, “मला पोरीपाशी आणा हां.” मास्तर म्हणाले, “आधी बरी होऊन ये.” हे सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं.

काकू पुण्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथून मास्तरांना फोन आला तेव्हा सेंटरमध्ये दुपारच्या जेवणाची ताटं वाटत होते. बोलणारा माणूस चांगला होता, मास्तर म्हणायचे, त्याचा आवाजही थकलेला होता. त्याने सांगितलं की देह दौंडला नेता येणार नाही. पुण्यात दफन करायचं तर परवानगी आणि माणसं मिळेपर्यंत थांबावं लागेल, किती ते सांगता येत नाही. विद्युतदाहिनीत मात्र आजच होईल. काय करू?

“मी विचार केला,” मास्तर मला म्हणाले, “की ती तिथं नाहीच. जे आहे तो सदरा आहे. आयुष्यभर हेच शिकवलं, आता वेळ आली तर मागं हटायचं का? आणि तिला तसं कुठंतरी रांगेत ठेवायचं, तेही नको वाटलं. मी म्हणालो, करा.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “फोन ठेवला आणि समोर ताट आलं. बटाट्याची भाजी होती. मी जेवलो, शुभदा. सगळं जेवलो. आणि हात धुताना एकदम मला करुणा दिसली. उठून बसलेली, इकडेतिकडे बघणारी.”

घरी आल्यावर ते बरेच दिवस बाहेर पडले नाहीत. मी डबा नेऊन ठेवायची, रिकामा परत आणायची. लॉकडाऊन सैल झाल्यावर त्यांची शिरूरची भाची शालिनी आणि तिचा नवरा पुण्याला जाऊन अस्थी घेऊन आले. लाल फडक्यात बांधलेलं मडकं. आमच्या लोकांत अस्थींचं काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठे ठेवायचं तेही कळेना. शालिनीने ते आधी टेबलावर ठेवलं, मग उचलून कपाटावर ठेवलं, मग रडत पुन्हा टेबलावर ठेवलं. शेजारचे आप्पा, माळकरी माणूस, दारात येऊन म्हणाले, “मास्तर, मी गाडी काढतो. नदीवर जाऊ. सगळं नीट करू, तुम्ही नुसतं बसा.” मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “आप्पा, तिला नदी आवडायची. पण तिला दुसरीकडे जायचंय.”

करुणाची कबर उकरून त्यात काकूंची राख ठेवायला परवानगी द्यावी, असं मास्तरांनी कमिटीला विचारलं. बैठकीला मीही होते, शालिनीही होती. सेक्रेटरी म्हणाले की कबर पुन्हा उघडायची आपल्यात पद्धत नाही, आणि दहन झालेलं असल्यामुळे काही लोकांच्या मनात शंका आहेत. कसल्या शंका ते त्यांनी सांगितलं नाही, पण जळालेला देह उठणार कसा, हीच ती शंका होती. मग एक तरुण सभासद, मास्तरांचाच विद्यार्थी, अगदी साधेपणाने म्हणाला, “पण मास्तर, हे सगळं प्रतीक आहे असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मग राख कुठंही ठेवली तर काय बिघडतं?”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मास्तर उभे राहिले. “अर्थात,” म्हणाले आणि थांबले. बाहेरून गाडीही जात नव्हती, नाहीतर त्या आवाजात ते थांबणं लपलं असतं. शेवटी ते म्हणाले, “तिला पोरीपाशी जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही.” आणि बसले.

तेव्हा शमुवेलअण्णा उठले. आता हे शब्दन् शब्दवाले अण्णा काय बोलतात, या भीतीने मी शालिनीचा हात धरला. अण्णा म्हणाले, “मी गार्ड व्हतो. गाडीखाली आलेल्या माणसाचं काय काय गोळा करावं लागतं, ते तुम्हाला न्हाई सांगत. तीबी उठणार हायत. दर्यात बुडाल्यालीबी उठणार हायत, तसं लिवलंयच. ज्यानं मातीतनं माणूस केला, त्याला राखंचं काय अवघड हाय? उद्या सकाळी मी कुदळ घिऊन येतो. ज्याला शंका हाय त्यानं घरी बसावं.”

दुसऱ्या दिवशी अण्णा खरोखरच कुदळ घेऊन आले. त्यांचं वय झालेलं, दोन घाव घातले की दम लागायचा, पण कुदळ कुणाच्या हातात देईनात. खोल उकरलं नाही, उशापाशी हातभर खड्डा केला. मास्तरांनी गुडघे टेकून मडकं आत ठेवलं. पाळकांनी प्रार्थना केली. माती लोटल्यावर अण्णा मास्तरांना म्हणाले, “झालं. आता पोर भ्यायची न्हाई.” मास्तरांनी मान हलवली. त्या दोघांना मी इतकी वर्षं भांडताना पाहिलं होतं; त्या दिवशी ते एकाच दगडावर बसून राहिले आणि ऊन चढेपर्यंत कुणी उठलं नाही.

गुरुवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा मास्तर एकदाच आले. मेलेल्यांच्या उठण्याचा भाग होता. त्यांनी तो सावकाश वाचला, पुस्तक मिटलं आणि अण्णांपुढे सरकवलं. “आण्णा, पुढच्या गुरुवारपासून तुम्ही घ्या.” अण्णा गडबडले. “मी? मला काय सांगता येतंय? मला निस्तं वाचता येतंय.” मास्तर म्हणाले, “तेवढंच करा.” त्यानंतर ते श्रोत्यांत बसू लागले, मागच्या बाकावर. प्रश्न आला की लोक सवयीने त्यांच्याकडे वळून बघत, आणि ते अण्णांकडे बघत.

काकूंची राख करुणाच्या कबरीतच गेल्यामुळे शेजारची जागा मोकळी राहिली होती. ती आता मास्तरांची, हे न सांगता सगळ्यांनी धरलेलं होतं. कबरस्थान भरत आलं आहे, नवीन जागा मिळत नाही, पण त्या जागेकडे कुणी बोट दाखवलं नाही. मास्तर रविवारी जाऊन ती झाडायचे. काकूंसारखंच, आधी कबर, मग जागा.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात कुरकुंभच्या कारखान्यांत काम करणारी काही पोरं चर्चच्या दारात आली. झारखंडची, ठेकेदाराकडची. त्यांच्यातला एक जण काविळीने गेला होता. ख्रिस्ती होता, रविवारी कधीमधी मागे उभा राहून जायचा, मंडळीत त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्यातला मोठा मुलगा हात जोडून म्हणत होता, “घर बहुत दूर है. यहीं मिट्टी दे दीजिए.” कमिटीची माणसं अवघडून गेली. द्यायची कुठे? रस्त्याकडेचा कोपरा मोजून पाहिला, तिथे पाइपलाइन निघाली. मास्तर बाजूला उभे होते. म्हणाले, “माझी जागा द्या.”

मी त्यांना ओढतच लांब नेलं. “मास्तर, काय करताय? मग तुमचं काय?”

“माझं बघू.” ते त्या पोरांकडे बघत होते. “ह्याचे आईबाप किती लांब आहेत, शुभदा. उठेल तेव्हा ओळखीचं एकही माणूस नसेल. आमच्या दोघी शेजारी आहेत. मार्था पहिल्यांदा विचारेल, जेवलास का.”

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, “तुम्ही हे खरं समजून बोलताय, की रूपक म्हणून?”

“फरक कळत होता तोवर शिकवलं,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “आणि त्या जागेवर झोपायचं माझं धाडस होत नाही. तू हे कुणाला सांगू नकोस.”

त्या मुलाला तिथे पुरलं. त्याचं नाव इमानुएल होतं, ते पेटी उतरवताना कळलं.

त्यानंतर मास्तर फार दिवस दौंडला राहिले नाहीत. नजर मंदावली होती, गॅस बंद करायचं विसरायचे. शालिनी येऊन त्यांना शिरूरला घेऊन गेली. मी जमेल तशी जायची, चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या एसटीने. शिरूरला ते कमी बोलायचे. शालिनी खुर्ची अंगणात ठेवायची, ते शेजारच्या मुलांचा गलका ऐकत बसायचे. मी गेले की सगळ्यांची चौकशी करायचे, अण्णांची आधी. “वर्गाला किती येतात?” मी म्हणायची, पहिल्यापेक्षा जास्त. ते खूश व्हायचे. “वाचून दाखवतात ना नुसतं? बरं आहे. ऐकणाऱ्याला काय हवं ते ऐकणारा घेतो.” एकदा त्यांनी मला विचारलं, “मी ‘करा’ म्हणालो तेव्हा मार्था रागावली असेल का?” मी म्हटलं, नाही रागावली. ते म्हणाले, “तुला काय ठाऊक?” आणि ते खरंच होतं.

ते गेले थंडीच्या दिवसांत, सकाळी दाढी करून खुर्चीत बसले होते तसेच. दौंडला जागा नव्हती. शिरूरच्या मंडळीने घोडनदीकडच्या आपल्या कबरस्थानात जागा दिली. मातीला बरीच माणसं होती. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यात ऊसतोडणीचं काम सोडून तसेच चिखलाच्या बुटांनी आलेले शेतकरी होते, शाळा-कचेऱ्यांतले साहेब होते, आप्पा होते. अण्णांना प्रवास झेपत नव्हता, त्यांनी फोनवरून शालिनीला सांगितलं, “माझ्या नावानं एक मूठ टाक गं.”

काही आठवड्यांनी शालिनीने दगडावर काय लिहायचं म्हणून मला बोलावून घेतलं. “ताई, वचन कुठलं घालू? तुम्ही मामांच्या वर्गातल्या, तुम्हाला माहीत.” मी एसटीत बसून वाटभर विचार केला होता. जे वचन आठवावं त्याचा मास्तरांनी सांगितलेला अर्थही आठवायचा, आणि मग पुढे सुचायचंच नाही. मी म्हटलं, “वचन राहू दे. प्रभाकर एवढं नाव घाल. आणि खाली लिही, मार्थाचा नवरा, करुणाचा बाप.”

“मास्तर नको? सगळा गाव मास्तरच म्हणायचा.”

“नको.”

आम्ही दोघी पाथरवटाकडे गेलो. त्याने मजकूर खडूने दगडावर मांडला, अक्षरं बसतात का पाहिली आणि विचारलं, “गाव टाकायचं का? शिरूरच ना?”

शालिनीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, “दौंड टाका.”

“हितल्या दगडावर दौंड?” त्याने पुन्हा एकदा विचारलं. शालिनी म्हणाली, हो, दौंडच. त्याने शेवटच्या ओळीखाली तेवढी जागा सोडली आणि छिन्नी उचलली.